उणे अठ्ठावीसची कुजबूज

५ जानेवारी, रविवार

हरेश आजही आला नाही. सलग चौथा रविवार.

एकतीस वर्षांचा नेम आहे हा. रविवारी सकाळी सात वाजता तो तिकडे कच्छात गांधीधामला रेडिओ लावणार, मी इथे कर्जतजवळ भिसेगावात लावणार आणि आम्ही मोर्समध्ये बोलणार. कल्याणच्या तार ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसलो, हौशी रेडिओचा परवानाही एकाच वर्षी काढला. फोनवर गप्पा मारायच्या नाहीत, टिंब आणि रेघेतच मारायच्या, हा करार. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, माझी अँजिओग्राफी झाली, तारसेवा बंद पडली, हे सगळं आम्ही एकमेकांना टिंब-रेघेत सांगितलेलं आहे. भांडलोसुद्धा टिंब-रेघेत.

आज पावणेआठपर्यंत हेडफोन लावून बसलो. हाका मारून मारून मनगट दुखायला लागलं. नुसती खरखर. आणि वर या गृहस्थाचा मोबाइलवर मेसेज: "तू बोलावतोस, मी उत्तर देतो, तू परत बोलावतोस. हा काय खेळ आहे?"

म्हणजे दोष माझाच! त्याची अँटेना पडली असणार आणि सांगायची लाज वाटते. नाहीतर मग सूर्य. यंदा सूर्यावर डाग भरपूर आहेत, त्यामुळे लांबलांबचं झकास ऐकू येतंय असं आमच्यातले सगळे म्हणतात. मला वाटतं डाग जरा जास्तच झालेत.

कुकरची शिट्टी बिघडली आहे. डाळ लागली. आमची सौ. सुनीती म्हणते आठ शिट्ट्या झाल्या. एकही झाली नाही, मी समोर बसलो होतो.

७ जानेवारी, मंगळवार

दारावरच्या बेलचा सेल तिसऱ्यांदा बदलला. आजकाल सेलही बनावट निघतात. पळसदरीची जया वाल घेऊन आली होती, ती म्हणे दहा मिनिटं दारात उभी. तिचा मुलगा सुनीतीच्या शिकवणीने गणितात पास झाला, तेव्हापासून दरवर्षी तिच्या शेतातले वाल आमच्याकडे येतात आणि दोघींची मैत्रीही वालासारखीच रुजली आहे. जयाचा आवाज असा, की या बांधावरून त्या बांधावर सहज जावा. आत येऊन म्हणाली, "तात्या, बेल दाबून दाबून माजं बोट झिजलं. झोपला व्हता काय?"

झोपलो नव्हतो. रेडिओ पुसत होतो.

१० जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी सुनीतीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, या जरा बोलायला."

मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत ती अशी आपणहून गप्पांना बोलावत नाही. गेलो, पाटावर बसलो आणि सूर्यावरच्या डागांपासून सुरुवात केली. वातावरणाचे थर, लहरी कशा उसळी मारून परत येतात, हरेशची पडलेली अँटेना, सगळं सविस्तर सांगितलं. अर्धा तास ती ऐकत होती आणि मोड आलेल्या वालाची सालं काढत होती. मी थांबलो तेव्हा तिने परात माझ्याकडे सरकवली.

"सोलायला म्हटलं होतं," ती म्हणाली.

मग स्पष्ट बोलावं ना माणसाने! पस्तीस वर्षं शाळेत पाढे खणखणीत घेतले आणि आता घरात पुटपुटते. राहिलेल्या डाळिंब्या मी सोलल्या. बिरडं उत्तम झालं होतं.

१२ जानेवारी, रविवार

हरेश नाही. त्याचा मेसेज: "कंटाळा आला असेल तर सरळ सांग. मला पण रविवारी झोप आवडते."

मी लिहिलं: "आधी अँटेना नीट कर."

आणि मोबाइल उपडा ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून हरेशच डोक्यात आहे. त्याला एवढं तरी कळायला हवं की त्याचं एक टिंब जरी माझ्या कानावर पडलं असतं, तरी बाकीचं मी भरून काढलं असतं.

आमच्या खात्यात ही खरी विद्या होती. पावसाळ्यात घाटात कुठेतरी तार झाडाला घासायची आणि अक्षरं मधूनमधून गळायची. नवखे लोक "पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा" करत बसायचे. मी नाही. "फादर सिरी" एवढं आलं की पुढचं 'सीरियस, कम सून' मी लिहून मोकळा. माणसं तारेत सांगून सांगून काय सांगणार? कोणी जन्मलं, कोणी गेलं, कोणी येतंय. अख्ख्या नोकरीत "पुन्हा पाठवा" मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा म्हटलं असेन. साहेब म्हणायचे, तात्याचे कान नाहीत, तात्याचं डोकं ऐकतं.

संक्रांतीचा तिळगूळ देताना सुनीती म्हणाली, शनिवारी खालापूरला वाणाचं शिबिर आहे, चला. आता हळदीकुंकवाचीही शिबिरं व्हायला लागली! बायकांच्या वाणात मी काय करू? तुझी तू जाऊन ये म्हटलं. तिने तिळगुळाचा डबा बंद केला. मग म्हणाली, "बरं."

१९ जानेवारी, रविवार

हरेश नाही, मेसेजही नाही.

दुपारी सुनीतीने माझ्या रेडिओला तिचा लॅपटॉप जोडला. मला न विचारता. तिचं म्हणणं, दोनदा विचारलं होतं. माझ्या रेडिओतलं तिला एवढं कधीपासून कळायला लागलं कोण जाणे, पण वायरी बरोबर लावल्या.

प्रकार असा आहे. जगभर लोक अगदी थोडक्या शक्तीवर, टॉर्चच्या बल्बाहूनही कमी, आपलं नाव आणि ठिकाण पाठवत असतात. दोन मिनिटं लागतात एवढंसं सांगायला. इतकं हळू आणि इतकं क्षीण, की माणसाला काही कळू नये. पण कॉम्प्युटर दोन मिनिटं निमूट ऐकतो आणि पडद्यावर एक ओळ टाकतो: कोण, कुठून, किती जोरात. या पद्धतीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ चक्क कुजबूज.

मी म्हटलं, हे काय ऐकणं झालं? ऐकणार ते यंत्र, आपण नुसतं वाचायचं. याला मी रेडिओ म्हणत नाही, रेल्वेचं टाइमटेबल म्हणतो.

२१ जानेवारी, मंगळवार

फिनलंड! उणे चोवीस.

हे उणे म्हणजे जोर. सुनीतीने तक्ता करून भिंतीवर चिकटवला आहे, शाळेत चिकटवायची तसा. शून्याच्या वर म्हणजे ढळढळीत. उणे बारापर्यंत माणसाच्या कानाला ऐकू येतं. त्याखाली फक्त यंत्राला. तिने "माणसाच्या कानाला" या शब्दांखाली लाल रेघ मारली आहे. मास्तरकीची सवय.

२२ जानेवारी, बुधवार

टास्मानिया, उणे एकवीस. कॅनरी बेटं, उणे सव्वीस. आणि जेवता जेवता चिली! उणे अठ्ठावीस. पृथ्वीच्या पार पलीकडून, टॉर्चएवढ्या शक्तीवर, कोणीतरी कुजबुजला आणि ते भिसेगावात आमच्या गच्चीवरच्या वायरीला कळलं. मी ताटावरून उठून नाचलोच. सुनीती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, असं मला उगीचच वाटलं.

टाइमटेबल हा शब्द मी मागे घेतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

सुनीती पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच आली आणि म्हणाली, "अहो, पाहुणा आला!"

मी बनियनवर होतो. घाईने सदरा चढवला, केसांवरून कंगवा फिरवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. पाव तास बसलो. कोणी आलं नाही. सुनीती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. शेवटी मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "वाटेतूनच परत गेला वाटतं." तिने पुडा फ्रिजमध्ये ठेवला.

दुसऱ्या कशाने तरी नाराज असावी. गेल्या जूनपासून तिचं परीक्षा परीक्षा चाललं होतं, मुंबईलासुद्धा जाऊन आली. निवृत्त झालेल्या बाईंना अजून पर्यवेक्षणाला बोलावतात, दमणारच. मी तेव्हा "छान, छान" म्हणून प्रोत्साहन दिलं होतं.

२६ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण मला ते नीटसं समजलेलं नाही.

सुनीतीने म्हणे फोन करून हरेशला कुजबूज शिकवली. पठ्ठ्या शिकलाही. बरोबर सात वाजता त्याच्याकडून सुरू होणार असं ठरलं. सात वाजून दोन मिनिटांनी ओळ पडली: हरेशचं संकेतनाव, गांधीधाम, अधिक चार.

अधिक! गेल्या आठवडाभरात पडद्यावर एकही अधिक आला नव्हता. म्हणजे त्याची अँटेना शाबूत आहे. म्हणजे लहरी व्यवस्थित येतायत. मला इतका आनंद झाला की मी हेडफोन खेचून घेतला. अधिक चार म्हणजे कानात शिट्टी वाजल्यासारखं ऐकू यायला हवं. काही नाही. खरखर.

"मला ऐकू येतंय," सुनीती म्हणाली. हेडफोनची पिन काढून तिने स्पीकर लावला होता. "बारीक एकसुरी आवाज येतोय. तुम्हाला?"

मी म्हटलं, "यंत्राचा आकडा चुकतोय आणि तुला भास होतोय." तिने तक्त्यावरच्या लाल रेघेकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, लाल रेघ तूच मारली आहेस.

मग मोर्सवर हरेशला हाका मारल्या. त्याने उत्तर दिलंच नाही. पाऊण तासाने मेसेज आला: "तात्या, आता पुरे. पुढचा एक रविवार येतो. तेव्हाही असंच झालं तर आपण थांबू. एकतीस वर्षं पुष्कळ झाली."

दिवसभर मला काही सुचलं नाही. एकतीस वर्षांत त्या माणसाने मला एकदाही "थांबू" म्हटलेलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

शनिवारी माघी गणपती. सुनीती सकाळीच पळसदरीला जयाकडे हार बांधायला गेली. संध्याकाळी आली तर हातावर ओरखडे, बोटात बांबूचं कुसळ. मी चिमट्याने काढून दिलं. एवढे काटे कोणत्या फुलांना असतात? जयाची बाग बघायला हवी एकदा.

१ फेब्रुवारी, शनिवार

जबरदस्त बातमी! आपल्या चौकोनात नवा माणूस आला आहे!

कुजबुजीत सगळ्या जगाचे चौकोन पाडलेले असतात. आपला एमके अडुसष्ट. अलिबागपासून पुण्यापर्यंत सगळे त्यातच. दुपारी अडीच वाजता ओळ पडली: एमके अडुसष्ट, अधिक एकवीस. एकवीस! अलिबागहून एवढं येत नाही. हा माणूस अगदी जवळ आहे, कर्जतात किंवा आसपास. संकेतनाव व्हीयू थ्रीने सुरू होणारं, म्हणजे परवाना नवा कोरा. दहा दहा मिनिटांनी पाठवतो आणि वेळ एका सेकंदानेही चुकवत नाही. शिस्तीचा दिसतो.

नेमकी सुनीती घरात नव्हती. गणपतीचे हार. संध्याकाळी तिला सांगितलं तर तिने विचारलं, "कोण असेल?" मी म्हटलं, निवृत्त लष्करी अधिकारी. तिकडे बंगले बांधतात त्यांच्यातला कोणीतरी. ती म्हणाली, "असेल."

२ फेब्रुवारी, रविवार

हरेश आला की नाही, मला माहीत नाही. कॉम्प्युटर म्हणतो आला, अधिक तीन. माझे कान म्हणतात नाही.

मेसेज आला नाही. मीही केला नाही. काय लिहिणार?

लष्करी अधिकारी मात्र दुपारी हजर. अधिक बावीस. यालाही हेडफोनवर ऐकायचा प्रयत्न केला, म्हटलं इतक्या जवळचा तरी ऐकू येईल. नाही आला. आवाज पुरता वाढवला, तरी नाही. मग वाटलं, हेडफोनच गेला आहे. नवा घ्यायला हवा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गणपती झाला तरी हार चालूच. दुपारी मला घरात करमेना, म्हटलं जयाची काटेरी बाग बघू आणि सुनीतीला घेऊन येऊ. रिक्षाने पळसदरीला गेलो.

अंगणात उतरलो आणि वर बघितलं. जयाच्या गच्चीवर बांबू उभा. बांबूपासून चिंचेपर्यंत वायर. दोन्ही टोकांना इन्सुलेटर, मधून खाली उतरलेली केबल. एकूणएक माप बरोबर. असली अँटेना बघून मी ओळखणार नाही तर कोण?

"जया," मी म्हटलं, "तुमच्याकडे कोणी भाडेकरू आलाय का? लष्करातला?"

"लष्करातला कुटला? वैनीच हाय वर. या, बगा आमच्या वैनीची तार."

"हार बघायलाच आलो," मी म्हटलं.

जया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने तो बांधावरचा आवाज काढला. "हार नाय ओ तात्या, तार! तार! हाराला बांबू लागतो का? दोन दिस आमी दोगी बांबू घेऊन उड्या मारत व्हतो!"

हे मात्र सगळं ऐकू आलं.

वर गेलो. गच्चीवरच्या खोलीत टेबलावर कुजबूज पाठवणारी एक चपटी डबी, जयाच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर आणि समोर चष्मा लावून सुनीती. भिंतीवर परवान्याची प्रिंट चिकटवलेली. वर तिचं नाव, खाली व्हीयू थ्रीने सुरू होणारं संकेतनाव. शिस्तीचा लष्करी अधिकारी.

"तू परीक्षा कधी दिलीस?" मी विचारलं.

"जूनमध्ये अभ्यास सुरू केला तेव्हा सांगितलं. फॉर्म भरला तेव्हा सांगितलं. परीक्षेला निघाले तेव्हा सांगितलं." ती माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "तुम्ही छान, छान म्हणालात. परवाना आला तेव्हा पेढे आणले. तुम्ही सदरा घालून बसलात."

परवाना. पाहुणा नव्हे.

"आणि संक्रांतीला ते खालापूरचं..."

"कानाचं शिबिर होतं," ती म्हणाली. "कानाचं. वाणाचं नाही."

मी खुर्चीवर बसलो. जया जिन्यात उभी राहून हसत होती, ती हसायची थांबली.

"मग हे घरी का नाही केलंस?"

"घरी बोलून उपयोग नाही, म्हणून म्हटलं तुमच्या रेडिओतून बोलावं. माणसाचं तुम्हाला पटत नाही. आकड्याचं तरी पटेल, म्हटलं." मग तिने कपाटातून माझी जुनी मोर्सची चावी काढली, जोडली आणि स्पीकर लावला. "आता ऐका."

तिची बोटं खालीवर व्हायला लागली. जयाने जिन्यातून विचारलं, "ह्यो पी पी आवाज कसला गं वैनी?" मला पी पी काही ऐकू येत नव्हतं. मला ऐकू येत होती चावीची टकटक, आणि दिसत होतं तिचं बोट. टकटकीवरून मी वाचायला लागलो. के. ए. एन. कान. पुन्हा कान. पुन्हा कान. नवशिकी आहे, रेघा जरा आखूड पडतात.

स्पीकर माझ्यापासून दोन फुटांवर होता.

रिक्षाने दोघं परत आलो. भिसेगाव आल्यावर मी तिला म्हटलं, "तुझा हात चांगला आहे." ती म्हणाली, "काय?" मी पुटपुटलो होतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोपोलीला कान तपासायला गेलो. तपासणारी मुलगी, रुचिता, अंतराच्या वयाची. अंतरा म्हणजे माझी पुतणी, तिच्यासारखीच ही पण एकदम निर्भीड. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

मी दाबत गेलो. मजेत चाललं होतं. पाच मिनिटांनी ती दार उघडून आत आली.

"काका, मघाचे चार आवाज मी दिलेच नव्हते."

"मग मी कसं दाबलं?"

"तेच विचारतेय."

मग मला कळलं. ती ठरावीक अंतराने आवाज देत होती, आणि मी त्या अंतराच्या ठेक्यावर बटण दाबत होतो. आवाज गळाला तरी जागा भरत होतो. चाळीस वर्षांची सवय, बोटालाही लागलेली. सुनीती बाहेर बाकावर बसली होती, तिला हे सांगितलं तर ती हसेना, रडेना, नुसती मान हलवत राहिली.

दुसऱ्या वेळी रुचिताने अंतर वाकडंतिकडं ठेवलं. कागदावर आलेख आला. जाडे आवाज ठीक. मग मध्यावर रेघ जी घसरते ती राजमाचीच्या कड्यासारखी सरळ खाली. बारीक आवाज सगळे गेले: बेल, कुकरची शिट्टी, अक्षरांतले स आणि त. हेडफोनमध्ये मोर्सचा सूरही मी आयुष्यभर बारीकच ठेवला, गोंगाटातून टोकदार उठून येतो म्हणून.

"गेल्या तीन-चार वर्षांत हळूहळू झालंय," ती म्हणाली. "काकांनी अंदाजाने निभावलं, म्हणून उशिरा कळलं."

कानाचं यंत्र पंधरा दिवसांनी मिळेल.

घरी आल्यावर मी रेडिओचा सूर बदलायचं बटण शोधलं. वीस वर्षांत त्याला हात लावला नव्हता, धूळ होती. डावीकडे फिरवत गेलो. सूर जाडा होत होत बेडकाएवढा झाला. आणि त्या खरखरीत कुठलातरी मोर्सवाला डरांव डरांव करत चक्क बोलत होता. व्हिएतनामचा होता. मी त्याचं सगळं ऐकलं, हवापाण्यासकट.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहालाच उठलो. हरेश येईलच याची खात्री नव्हती. एक रविवार म्हणाला होता, तो गेला.

सातला मी हाक मारली. उत्तर नाही. सात वाजून सहा मिनिटांनी पुन्हा मारली. आणि मग आला. एकतीस वर्षांची ती हाताची लकब, दुसऱ्या टिंबाला किंचित थबकणारी. जाड्या आवाजात. म्हणाला, "ऐकू येतंय का, की उगाच बोलावतोस?"

मी त्याला सगळं सांगितलं. कान गेले, तुझी अँटेना ठीक होती, सूर्यही ठीक होता. माफ कर. मग आला: "मला वाटलं तू मला टाळतोयस. बायकोला म्हटलं, तात्याला मी काय बोललो असेन?" आणि त्यापुढे सिंधीत एक शिवी, जी टिंब-रेघेत फार छान वाटते. पाऊण तास बोललो. एके ठिकाणी खरखर आली, तिथे मी "पुन्हा पाठव" म्हटलं. त्याने लगेच पाठवलं. त्यात काही एवढं विशेष नव्हतं, त्याच्या गुडघ्याबद्दल होतं, पण मी जे गृहीत धरलं असतं ते नव्हतं.

एवढ्यावर आजचं पान संपायला हवं होतं.

संध्याकाळी मी खूष होतो. सुनीतीला म्हटलं, "चल, हिशेबच काढू. या तीन-चार वर्षांत तू सांगितलेलं आणखी काय काय मी भलतंच ऐकलं?" ती उजेडाकडे तोंड करून समोर बसली, मला ओठ दिसतील अशी. बोटांवर सांगायला लागली. शेलूच्या तिच्या भाच्याला मुलगी झाली, मी फुलगी म्हणजे काय विचारलं. तिने ताक मागितलं, मी नाक पुसायला रुमाल दिला. दोघं इतके हसलो की शेजारून कोणीतरी खिडकी उघडली.

"आणखी?" मी म्हटलं.

ती थांबली. "राहू दे."

"सांग ना."

"मागच्या वर्षी मे महिन्यात," ती म्हणाली. "आंघोळ करताना हाताला गाठ लागली. छातीत. बाहेर आल्यावर तुम्हाला म्हटलं, अहो, गाठ लागली आहे."

"मग मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, वाट लागणारच, खोपोलीचा रस्ता बघितलास का? मग पाव तास रस्त्याबद्दल बोलत होतात. कंत्राटदार, खड्डे, सगळं."

मला आठवलं. ते भाषण चांगलं झालं होतं.

"जयाबरोबर गेले तपासायला. सुईने तपासतात. काही निघालं नाही, साधीच होती. पण रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले."

"परत सांगायचंस ना मला."

"एकदा सांगायलाच खूप बळ लागलं होतं."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. नंतर मी म्हटलं, आता सांग. पहिल्या दिवसापासून. ती नको म्हणाली, झालं गेलं. मी म्हटलं, नाही, सांग. मग तिने सांगितलं. कुठल्या दिवशी कशाची भीती वाटली, जया तिच्याजवळ कशी गच्चीवर बसून राहायची, शिकवणीची मुलं कोणाकडे सोपवायची हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. मी मध्ये तोंड घातलं नाही. दोनदा शब्द गळला, दोनदा विचारून घेतला. मग एके ठिकाणी तिचा आवाज अगदी बारीक झाला आणि मला काहीच कळेना.

"हे नाही ऐकू आलं," मी म्हटलं. "पुन्हा सांग."

ती माझ्याकडे वाकली आणि सावकाश म्हणाली, "तुमची फार आठवण यायची, म्हटलं. शेजारच्या खोलीत होतात तुम्ही, तरी."